दहा महिन्यांच्या बाळाचा सेन्सरी बिन: आधी तोंडाचा विचार करा

तुम्ही विचारलंय की बाळ दहा महिन्यांचं आहे, रीलमध्ये दाखवतात तसे रंगीत तांदूळ नाहीतर वॉटर बीड्स (पाण्यात टाकले की फुगणारे जेलीसारखे मणी) टबमध्ये भरून सेन्सरी बिन, म्हणजे हात घालून चाचपडत खेळायचा टब, दिला तर चालेल का. दोन्ही नको. या वयात हाताला लागेल ते आधी तोंडात जाणार, बाळं अशीच शिकतात, त्यामुळे बिनमध्ये काय घालायचं ते "गिळलं तर काय होईल" यावर ठरवा.

वॉटर बीड्स तर घरातच आणू नका, मोठं भावंड असलं तरी. कोरडा मणी एवढासा असतो पण पोटात गेला की पाणी शोषून फुगत जातो आणि आतडं अडवतो, ऑपरेशनची वेळ येते, आणि एक्स-रेमध्ये सहसा दिसत नाही म्हणून निदानालाही उशीर होतो. अमेरिकेत २०२३ च्या शेवटी ॲमेझॉन, वॉलमार्ट, टार्गेटने मुलांसाठी म्हणून ते विकणं बंद करायचं ठरवलं. कोरडी कडधान्यंही आत्ता नको, घशात अडकतात, नाकात घातली तर तिथे फुगतात, आणि कच्चा राजमा तर विषारीच असतो.

मग द्यायचं काय? बारीक साबुदाणा पारदर्शक होईपर्यंत उकळा, गार पाण्यातून काढा, अर्ध्याला बीटचं पाणी लावा नाहीतर चिमूटभर हळद, आणि मोठ्या परातीत पसरा. इतकं बुळबुळीत, मऊ काहीतरी बोटांत धरायला बाळांना जाम आवडतं!! मऊ शिजवलेल्या शेवया, दही हेही मस्त, फक्त बाळाने आधी खाऊन पचवलेलंच घ्या, ॲलर्जी कळायची ती जागा नव्हे. सोबत स्टीलची वाटी, लाकडी डाव, बास. खाली जुनी चादर, बाळ डायपरवर, आणि खेळ झाला की सगळं टाकून द्यायचं, फ्रिजमध्ये ठेवून परत नाही.

पाणी दिलंत तर परातीत बोटभरच, आणि तेवढ्यातही बाळ बुडू शकतं, म्हणून दाराची बेल वाजली तर बाळाला उचलून घेऊन जा.

आणि हो, शेजारी बसा पण सारखं "हे बघ, असं कर" नको, त्याला करू दे. पाच मिनिटांत कंटाळलं तरी ठीक, रडलं तर लगेच उचला, काहींना चिकट आवडतच नाही.

रंगीत तांदूळ मूल तीन वर्षांचं झाल्यावर, तेही तोंडात घालणं पूर्ण थांबल्यावर. वाटीभर तांदळाला चमचाभर व्हिनेगर आणि खायचा रंग, डब्यात घालून हलवा आणि पेपरवर वाळवा, कोरड्या डब्यात महिनोन् महिने टिकतात.