मार्गदर्शकापुढेही अशिलाच्या संमतीशिवाय नाही

सप्रेम नमस्कार.

अशिलाने सांगितलेली हकीकत उतरवून घेतलेल्या टिपणाचे फोटो तू माझा सल्ला मागत पाठवलेस, ते काल रात्री व्हॉट्सअॅपवर आले. पहिल्याच पानावर अशिलाचे नाव आणि घोडबंदर रोडवरील फ्लॅटचा नंबर दिसला, तेव्हा पुढची पाने न उघडता मी सगळे पुसून टाकले. तारीख तोंडावर आली आहे आणि सिनियर "आधी वाच" एवढेच म्हणतात, ही तुझी कोंडी मला कळते. वकिलीपूर्वी एक वर्ष सिनियरकडे शिकण्याची सक्ती करणारे बार कौन्सिलचे नियम सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये रद्द केले. तेव्हापासून नवा वकील कोणाच्या हाताखाली शिकतो, हे बरेचसे नशिबावरच राहिले आहे.

पण त्याची किंमत अशिलाने का मोजावी? तुमच्या वकीलपत्रावर माझी सही नाही, म्हणजे त्या प्रकरणात मी परकाच आहे. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ चे कलम १३२ अशिलाने सांगितलेले उघड करायला त्याची स्पष्ट संमती मागते, वकिलाच्या कारकुनालाही बांधते आणि काम संपल्यावरही बंधन कायम ठेवते. शिकण्यासाठी विचारले, असा अपवाद त्यात नाही. समोरच्या बिल्डरचे वकीलपत्र माझ्याच ऑफिसातून दाखल झालेले असते तर? आणि नुसते नाव झाकूनही भागत नाही. ठाणे कोर्टाच्या बार रूममध्ये सोसायटी, मजला आणि बिल्डर एवढे सांगितले, की चहा येईपर्यंत प्रकरण ओळखले जाते.

तू जरूर विचार, पण प्रश्न कायद्याचा करून विचार. नोंदणी न झालेला करारनामा करारपूर्तीच्या दाव्यात पुरावा म्हणून चालतो का, असे विचारलेस तर नोंदणी कायदा, १९०८ मधील कलम ४९ चे परंतुक, म्हणजे त्या कलमाला जोडलेला अपवाद, उघडून मी तुझ्यासोबत हवा तेवढा वेळ बसेन. त्यासाठी मला कोणाचे नाव लागत नाही.

याच हट्टापायी काही हुशार ज्युनियर माझे ऑफिस सोडून गेले. त्यांना तो अविश्वास वाटला. त्याची खंत आजही आहे. तरीही घटस्फोटासाठी आलेली बाई आईलाही न सांगितलेले माझ्यासमोर बोलते, ते तिथून बाहेर जाणार नाही या भरवशावर, आणि तो भरवसा मी कोणाच्या शिक्षणासाठी मोडणार नाही. संमती नसेल तर माझ्यापुढेही नाही.

कागद दाखवणे अपरिहार्यच असेल तर आधी सिनियरांना सांग आणि अशिलाकडून माझ्या नावानिशी लेखी संमती घे. ती मिळाल्यावर प्रथम फक्त समोरच्या पक्षाचे नाव कळव, म्हणजे त्यांचे काही काम आमच्याकडे नाही ना, हे मी पाहून घेईन.