वाचकांचे प्रश्न : पंखावरचा बर्फ, धावपट्टीवरचे धुके

प्रश्न : विमानावर बर्फ साचून अपघात झाल्याच्या बातम्या अधूनमधून वाचनात येतात. आपल्यासारख्या उष्ण प्रदेशात उडणाऱ्या विमानांनाही हा धोका असतो का? आणि बर्फाच्या पातळ थराने एवढे अवजड विमान कसे कोसळते? – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : धोका असतो. हवेचे तापमान दर किलोमीटर उंचीला सरासरी साडेसहा अंशांनी उतरत जाते आणि भर पावसाळ्यात कोकणावरसुद्धा सुमारे पाच ते साडेपाच किलोमीटर उंचीवर ते शून्यावर येते. मात्र त्या पातळीच्या वर गेल्याबरोबर ढगांतले सगळे पाणी गोठते असे नाही. बर्फाचा स्फटिक ज्याच्याभोवती धरेल असा योग्य कण मिळाला नाही, तर पाण्याचे सूक्ष्म थेंब उणे दहा, उणे पंधरा, क्वचित उणे पस्तीस अंशांपर्यंतही द्रवरूपच राहतात. असे थेंब पंखाच्या कडेवर आदळले, की तेथेच गोठू लागतात. शून्य ते उणे वीस अंशांचा पट्टा यासाठी सर्वांत धोक्याचा मानला जातो. जेट विमाने हा पट्टा काही मिनिटांत ओलांडून वर जातात. पंख्यांच्या (प्रोपेलरच्या) विमानांना मात्र प्रवासाचा बराचसा भाग त्याच उंचीवर किंवा तिच्या आसपास करावा लागतो.

आपल्या दुसऱ्या प्रश्नामागे एक समज आहे आणि तो सर्वत्र पसरलेला असल्याने त्याविषयी सविस्तर लिहितो. विमान कोसळते ते सहसा बर्फाच्या वजनाने नव्हे, तर पंखाचा आकार बिघडल्याने. पंखाच्या वरच्या पृष्ठाला धरून हवा सलग वाहते, म्हणून विमान तोलले जाते. पंखाची पुढची कड आणि वरचे पृष्ठ भरड पॉलिश पेपरइतके खरखरीत झाले, तरी विमानाला उचलून धरणारे बल ३० टक्क्यांपर्यंत घटू शकते आणि हवेचा रोध ४० टक्क्यांपर्यंत वाढू शकतो. मग एरवी ज्या वेगाला विमान निर्धोक उडत असते, त्याच वेगाला हवेचा प्रवाह पंखापासून सुटतो. वैमानिक यालाच ‘स्टॉल’ म्हणतात. ऑटोपायलट चालू असेल, तर तो हा बिघाड गुपचूप सावरत राहतो आणि त्याची मर्यादा संपल्यावर विमान अचानक वैमानिकाच्या हाती येते.

बचावाची साधने अर्थातच असतात. जेट विमानांत इंजिनातली गरम हवा पंखांच्या कडांमध्ये फिरवतात. पंख्यांच्या विमानांत कडांवर रबरी आवरणे बसवलेली असतात. ती फुगवली की वर साचलेला बर्फ तडकून उडून जातो. पण ही साधने ठरावीक आकाराच्या थेंबांचा विचार करून बनवलेली असतात. ३१ ऑक्टोबर १९९४ रोजी अमेरिकेतील इंडियाना राज्यात रोझलॉन गावाजवळ एटीआर-७२ जातीचे पंख्यांचे विमान कोसळून त्यातील सर्व ६८ जण मृत्युमुखी पडले. शिकागोला उतरण्याची परवानगी मिळेपर्यंत ते सुमारे दहा हजार फुटांवर घिरट्या घालत होते. त्या ढगांतले थेंब नेहमीपेक्षा मोठे होते. ते कडेवर लगेच न गोठता मागे ओघळले आणि रबरी आवरण जेथे संपते, त्याच्या मागे बर्फाची वरंबी तयार झाली. आवरण कितीही वेळा फुगवले तरी ती निघणार नव्हती. तिच्यामुळे विमान डावी-उजवीकडे कलवणारी पंखावरची पट्टी आपोआप ओढली गेली आणि विमान उलटले. त्या अपघातानंतर या जातीच्या विमानांवरील आवरणांची रुंदी वाढवण्यात आली. आज महाराष्ट्रातल्या लहान विमानतळांवर उतरणारी एटीआर विमाने त्या सुधारणेनंतरची आहेत. सध्याच्या वैमानिकांना शिकवल्या जाणाऱ्या कित्येक गोष्टी त्या ६८ जणांच्या मृत्यूनंतरच नियमांत आल्या, याचा विसर पडू नये असे मला मनापासून वाटते.

जमिनीवर साचलेला बर्फही तितकाच घातक ठरतो. १३ जानेवारी १९८२ रोजी वॉशिंग्टनमध्ये हिमवर्षावात निघालेले एअर फ्लोरिडाचे विमान उड्डाणानंतर लगेच पोटोमॅक नदीवरील पुलाला धडकले आणि पुलावरच्या चौघांसह ७८ जण दगावले. पंखांवर बर्फ होताच. शिवाय इंजिनाची बर्फरोधक यंत्रणा बंद होती. त्यामुळे दाब मोजणारी नळी गोठली आणि इंजिनाची शक्ती प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसत राहिली. बाहेरचे तापमान दहा अंश किंवा त्याहून कमी आणि हवेत ढग, धुके वा पाऊस असेल, तर जेट विमानात ही यंत्रणा चालू करावीच लागते. दहा अंशांना बर्फ कुठला, असे कोणी विचारील. पण इंजिनाच्या तोंडाशी ओढली जाणारी हवा विरळ होताना आणखी थंड होते.

प्रश्न : गेल्या जानेवारीत पुण्याहून दिल्लीला जाताना आमचे विमान बराच वेळ घिरट्या घालून अखेर जयपूरला नेण्यात आले. त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीचे विमान दिल्लीत उतरल्याचे नंतर कळले. मग आम्हालाच का उतरता आले नाही? – एक वाचिका, पुणे

उत्तर : धुक्यात उतरण्याची मर्यादा प्रत्येक विमानासाठी वेगळी असू शकते. धावपट्टीच्या कडेला दृश्यमानता मोजणारी उपकरणे असतात. ‘दृष्टी’ नावाचे असे उपकरण बंगळूरच्या राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेने विकसित केले आहे. धावपट्टीवरचे दिवे किती अंतरावरून दिसतील, हे त्यावरून ठरते. विमानाला रेडिओ संकेतांनी धावपट्टीकडे आणणाऱ्या यंत्रणेच्या श्रेणी असतात. पहिल्या श्रेणीच्या यंत्रणेवर उतरण्यासाठी साधारणपणे ५५० मीटर दृश्यमानता लागते आणि दोनशे फुटांवर आल्यानंतरही दिवे दिसले नाहीत, तर वैमानिकाने पुन्हा वर जायचे असते. दुसऱ्या श्रेणीत हे आकडे ३०० मीटर आणि शंभर फूट असे आहेत. दिल्लीत तिसऱ्या श्रेणीची सोय आहे आणि तेथे अगदी ५० मीटर दृश्यमानतेतही विमान उतरू शकते. उतरणारे जेट सेकंदाला सुमारे ७० मीटर पुढे सरकते हे लक्षात घेतले, तर ५० मीटर म्हणजे एका सेकंदाचीही नजर नव्हे. तेथे विमान ऑटोपायलटच उतरवतो आणि वैमानिक त्यावर देखरेख ठेवतात.

मात्र त्यासाठी धावपट्टी, विमान आणि दोन्ही वैमानिक असे सर्वच त्या श्रेणीला पात्र असावे लागतात. एका वैमानिकाचे प्रशिक्षण किंवा विमानातील एखादे उपकरण कमी पडले, तरी आधीच्या श्रेणीची, म्हणजे जास्त दृश्यमानतेची, मर्यादा लागू होते. आपल्या विमानाच्या बाबतीत नेमके काय घडले ते मी सांगू शकत नाही; पण बहुधा असेच काही असावे, किंवा पर्यायी विमानतळ गाठण्यापुरते इंधन राखण्याची वेळ आली असावी. जयपूरला जाण्याचा निर्णय घेणाऱ्या वैमानिकाने आपले काम चोख केले, असेच माझे मत आहे. प्रवाशांना वेळेवर माहिती न देणे हा वेगळा विषय आहे आणि त्याबद्दल कंपनीला जाब जरूर विचारावा.

दिल्लीच्याच धुक्याचा अभ्यास आपल्या पुण्याची भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था २०१५-१६ च्या हिवाळ्यापासून तेथील विमानतळावर करीत आहे. गंगेच्या मैदानातला ओलावा, थंडीतला मंद वारा आणि जमिनीलगतच्या थंड हवेवर झाकणासारखी बसलेली उबदार हवा यांच्या मेळातून ते धुके तयार होते. ते किती वाजता उतरेल आणि कधी विरेल, हे तासांच्या हिशेबात सांगता यावे, हा त्या प्रयत्नांचा हेतू आहे.

प्रश्न : माझी मुलगी गोंदियाला वैमानिकाचे प्रशिक्षण घेत आहे. लहान विमानाला खराब हवामानात सर्वांत मोठा धोका कोणता? – एक पालक, अमरावती

उत्तर : नजरेच्या भरवशावर उडत असताना नकळत ढगात शिरणे, हा. अशा उड्डाणासाठी दहा हजार फुटांखाली साधारणपणे पाच किलोमीटर दृश्यमानता आवश्यक असते. क्षितिज दिसेनासे झाले की कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय फसवते. विमान वळत असूनही ते सरळ चालले आहे असे वाटते आणि वैमानिक त्या संवेदनेवर विसंबून चुकीची दुरुस्ती करतो. १९५४ मध्ये अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाने केलेल्या एका प्रयोगात, उपकरणांवर उडण्याचे शिक्षण नसलेल्या २० जणांच्या हातून विमानावरील ताबा सरासरी १७८ सेकंदांत सुटला. त्याच मंडळींना थोडे प्रशिक्षण दिल्यावर, केवळ उपकरणांकडे पाहून विमान मागे वळवून सुरक्षित बाहेर काढणे जमू लागले. हा सराव प्रशिक्षणात असतोच. तो किती वेळा झाला आणि परवाना मिळाल्यानंतरही चालू राहणार आहे का, एवढे मुलीला जरूर विचारा.