पीएच.डी.साठी संग्रहालयातल्या वस्तू बघायच्या आहेत, पण पत्राला उत्तरच येत नाही. काय करू?

जुन्या पितळी भांड्यांवर पीएच.डी. करताय, दोन पत्रं पाठवलीत आणि समोरून चकार शब्द नाही, असं तुम्ही लिहिलंय. माझंही हेच झालं होतं. माझा विषय दिवे. 'आपल्या संग्रहातील सर्व दिवे पाहण्याची परवानगी मिळावी' असं पत्र टाकून चार महिने वाट बघितली. शेवटी थेट जाऊन उभा राहिलो, तर तिथल्या सहायक अभिरक्षक (क्युरेटर) बाई म्हणाल्या, "सर्व म्हणजे किती? नंबर द्या ना."

बरोबर होतं त्यांचं. पुण्याच्या केळकर संग्रहालयाचंच बघा. वस्तू 20,000च्या वर, मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. अशा ठिकाणी कोठारातली एक वस्तू काढायची म्हणजे कुलूप, सही आणि शेजारी उभं राहायला एक माणूस. माणसांचीच तर वानवा.

मग मी मागणं बदललं. आधी फक्त दाखल नोंदवही, म्हणजे आलेली प्रत्येक वस्तू नंबरनिशी लिहितात ती वही, बघू द्या म्हटलं. त्यात 'पितळी दिवा, नग 1' अशा नोंदी ओळीनं. माप नाही, वजन नाही, कुठून आला तेही नाही. म्हटलं, माझ्या 40 दिव्यांची मापं, वजनं आणि वर्णनं तुमच्याच तक्त्यात भरून देतो. तिसऱ्या दिवशी कोठार उघडलं. महिनाभरानं बाईच दिवा पुढे करून विचारायला लागल्या, "हा कुठला वाटतो तुम्हाला?"

ब्रिटनमध्ये यासाठी रीतसर योजना आहे: एक मार्गदर्शक विद्यापीठाचा, एक संग्रहालयाचा, शिवाय विद्यावेतन. आपल्याकडे बहुतेकदा हे ज्याचं त्यानंच जुळवायचं. संग्रहालय राज्य सरकारचं असेल तर मुंबईच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाला अर्ज करा, तोही तुमच्या मार्गदर्शकांच्या सहीनं. स्थानिक अभिरक्षकाच्या मनात असलं तरी वरच्या पत्राशिवाय त्याचे हात बांधलेले असतात.

आणि छायाचित्रांची परवानगी घेताना 'प्रबंध व प्रकाशन' असे दोन्ही शब्द घालून घ्या. प्रबंध 'शोधगंगा' या भारतीय विद्यापीठांच्या प्रबंधांच्या खुल्या ऑनलाइन साठ्यावर चढतो, म्हणजे तो जगाला दिसतो. माझ्या पत्रात नुसतं 'अभ्यासासाठी' होतं. ऐन वेळी 14 छायाचित्रं काढून तिथे रेखाचित्रं घालावी लागली. ती मीच काढलीयत, आणि त्यातली समई लोकांना कारंजं वाटते.