चारी भिंतींना थर्मोकोल लावू का?

प्रश्न : फुलेवाडीत आमचा दुमजली बंगला आहे, नऊ इंची वीटकामाचा. वरच्या मजल्यावरची पश्चिमेची बेडरूम उन्हाळ्यात रात्री अकरालाही भट्टीसारखी असते. एसी लावला की वीजबिल पुढच्या स्लॅबमध्ये जातं. मुलगा जर्मनीत आहे. तो म्हणतो, ‘आई, इथं जुन्या घरांनाही बाहेरून थर्मोकोलचे बोर्ड लावतात, तूही चारी भिंतींना करून घे.’ मिस्टर म्हणतात, पहिल्या पावसात सगळं खाली येईल. कुणाचं ऐकू?
– एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, मुलगा सांगतो ते तिथं बरोबर आहे. तिकडं त्रास थंडीचा. ती चारी बाजूंनी सारखीच येते आणि महिनोन् महिने मुक्काम करते, म्हणून घर सगळीकडून गुंडाळावं लागतं. आपल्याकडं थंडी म्हणजे पहाटे एक जादा चादर. आपला त्रास उन्हाचा, आणि ऊन काही चारी भिंतींवर सारखं पडत नाही. कोल्हापुरात मेच्या पहिल्या आठवड्यात भर दुपारी सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि तिथून ऑगस्टच्या सुरुवातीपर्यंत दुपारी किंचित उत्तरेकडंच असतो. म्हणजे ऐन मे महिन्यात दक्षिणेच्या भिंतीवर दुपारचं ऊन जवळजवळ नाहीच. मग तिच्यावर खर्च कशाला? खरा मार खाते ती गच्ची, आणि तीननंतर पश्चिमेची भिंत.

नऊ इंची भिंतीतून उष्णता आत पोचायला साधारण सहा ते आठ तास लागतात. चारला बाहेरून तापलेली भिंत दहा-अकराला आतून तापते, ती यामुळं. रात्री जेवणं आटोपली की त्या भिंतीला तळहात लावून बघा, मग स्टुलावर चढून स्लॅबला. वरच्या मजल्यावर बहुतेक वेळा स्लॅबच जास्त गरम लागतो. तसं असेल तर भिंतीचा विषय तूर्त बाजूला ठेवा आणि गच्चीवर पांढरा चायना मोझॅक (फुटक्या टाइल्सच्या तुकड्यांची फरशी) किंवा ऊन परतवणारा पांढरा रंग करून घ्या. हात आखडता असेल तर मार्चमध्ये चुन्याचे दोन हात मारा. पावसात तो धुऊन जाईल, पण तोवर उन्हाळा निघालेला असतो. खिडकीला पडदा बाहेरून हवा, बांबूच्या चिकाचा. आतल्या पडद्यापर्यंत येईतो ऊन काच ओलांडून घरात आलेलंच असतं.

एवढं करूनही भिंत तापतेच असं दिसलं, तर फक्त पश्चिमेच्या भिंतीला आणि फक्त वरच्या मजल्याला बोर्ड लावा. दोन इंची थर्मोकोल उष्णता अडवण्यात मीटरभर जाड वीटकामाच्या तोडीचा असतो, त्याच्या गुणाबद्दल वाद नाही.

आता मिस्टरांची शंका. ती मला जास्त महत्त्वाची वाटते, कारण आपल्या पावसाची झडही पश्चिमेचीच. जिला ऊन, तिलाच पाणी. बोर्ड आपसूक सुटत नाही, मागं पाणी शिरलं की सुटतो. म्हणून आधी जुना गिलावा ठोकून बघायचा, पोकळ वाजेल तिथं फोडून नवा करायचा. बोर्ड नुसता चिकटवून भागत नाही, विटेत रुतणारे प्लॅस्टिकचे फास्टनरही लागतात. वर फायबरची जाळी आणि पॉलिमर मिसळलेला पातळ गिलावा. नेहमीचा गवंडी सवयीनं चिकनमेश (बारीक तारेची जाळी) ठोकून जाड सिमेंट-वाळू चढवायला बघेल, तेवढं होऊ देऊ नका. त्याला तडे जातात आणि पाण्याला वाट मिळते.

सगळ्यात नाजूक जागा खिडकीखालची. भिंत दोन-अडीच इंच जाड झाली की कडाप्प्याची जुनी पट्टी आत बुडते आणि तिच्यावरचं पाणी थेट बोर्डाच्या माथ्यावर उतरतं. ती काढून रुंद पट्टी बसवा, नव्या गिलाव्याच्या बाहेर चांगली इंचभर येणारी आणि खालून खाच मारलेली. खाचेशी आलं की पाणी भिंतीकडं न वळता तिथंच सुटून पडतं. कंत्राटदाराच्या कोटेशनमध्ये ही पट्टी नसेल, तर त्याला हे काम ठाऊक नाही असं खुशाल समजा.

तळमजल्यापर्यंत नेण्याची हौस असेलच, तर जमिनीपासून फूट-दीड फूट सोडा. 2019 किंवा 2021 च्या महापुरात पाणी घराशी आलं असेल, तर त्या खुणेच्याही वर राहा. आणि थर्मोकोल जळतो, हे विसरू नका. टीव्हीच्या खोक्यातला चालणार नाही, आग लवकर न धरणाऱ्या प्रतीचा मागा. एसीची वायर त्यातून पाइपाशिवाय नेऊ नका. लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला 2017 मध्ये बाहेरच्या आवरणावरून आग चढत गेली आणि 72 माणसं गेली. तिथलं आवरण वेगळ्या प्रकारचं होतं आणि तुमचं घर दोनच मजल्यांचं आहे, तरी वायरिंगमध्ये कंजुषी नको. रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, जळत नाही, पण महाग पडतं आणि ओल त्यालाही सोसत नाही.

प्रश्न : उचगावला घर बांधतोय. भाजलेली वीट घेऊ की एएसी ब्लॉक (सिमेंटचा हलका, सच्छिद्र ठोकळा)?
– एक वाचक

उत्तर : पश्चिमेला तरी आठ इंची ब्लॉक घ्या. विटेच्या मानानं तो उष्णता फारच कमी आत सोडतो, पुढं बोर्डांची भानगड उरत नाही. ब्लॉक जिथं कॉलम-बीमला भिडतो तिथं जाळी मारूनच गिलावा करायला सांगा, नाहीतर सरळ रेघेत चीर पडते. आणि ऊन झेलायला जिना, बाथरूम पश्चिमेला काढता येत असतील तर नकाशा मंजुरीला जाण्याआधीच आर्किटेक्टच्या कानावर घाला.