फुटबॉलमध्ये सीझन बदलताना तीन-चार खेळाडू गेले तर टीमला एवढा फरक का पडतो?

आपण बेळगावकर घाट उतरून फातोर्ड्याला मॅच बघायला जातो, तर इंडियन सुपर लीगमधलं एफसी गोवाच घ्या. 2019-20 ला लीग शील्ड (साखळीत पहिल्या नंबरला मिळते ती) जिंकलं. मग जाहूह, फॉल, बुमूस, मंदार राव देसाई मुंबई सिटीला गेले; आधीचे कोच लोबेराही तिकडेच. 2020-21 ला मुंबईनं शील्ड आणि कप (प्लेऑफची फायनल जिंकली की मिळतो तो) दोन्ही नेले, गोवा चौथं. स्ट्रायकर कोरोही गेला होता, पण अंगुलोनं 14 गोल मारून ती जागा भरली. तरी 20 पैकी 10 सामने बरोबरीत! माझ्या मते खरी पोकळी मिडफिल्डर जाहूहची: सेंटर बॅककडून (मधल्या बचावपटूकडून) बॉल घ्यायचा, मान वर, एका लांब पासात विंग (मैदानाची कड) मोकळी. स्ट्रायकर विकत मिळतो बघा, मागची जुळणी नाही. तिला पूर्ण प्री-सीझन (सीझनआधीचा सराव) लागतो.