शूटिंग संपलं, आता पुढे?

प्रश्न : डेटिंग रिॲलिटी शोचं शूटिंग संपलं, प्रसारण दोन महिन्यांनी आहे. आमची जोडी टिकून आहे, पण कुठे बोलायची सोय नाही. तोवर काय सांभाळावं?

उत्तर : करार पुन्हा वाचा. गोपनीयतेचं कलम बहुधा शेवटचा भाग दाखवेपर्यंत लागू असतं, कधी त्यानंतरही. मोडल्यास किती भरपाई, तेही तिथेच सापडेल. गुपित फुटतं ते सहसा फोटोंतून. दोघांनी वेगवेगळ्या दिवशी टाकलेल्या फोटोंत तोच पडदा, तोच कप दिसला की प्रेक्षक जुळवून मोकळे! लोकेशन बंद ठेवा. भेटायचं असेल तर निर्मात्यांनाच सांगा. 'द बॅचलर' या अमेरिकन डेटिंग शोमध्ये अशा गुप्त भेटी निर्मातेच घडवून आणतात. आणि नोकरी इतक्यात सोडू नका.

प्रश्न : पहिल्याच भागात मी भांडकुदळ दिसते. मी तसं बोललेच नव्हते. खुलासा करू का?

उत्तर : आत्ता नको. भाग बाकी असताना केलेला खुलासा करारभंग ठरू शकतो, शिवाय पुढे भलतंच दाखवलं तर तोंडघशी पडाल. तो प्रसंग कान देऊन पाहा. वाक्याच्या मध्येच कॅमेरा दुसऱ्याच्या चेहऱ्यावर गेला आणि तुमच्या आवाजाची पट्टी बदलली, तर दोन वेगळ्या वेळची वाक्यं जोडलेली असू शकतात. (वेगवेगळ्या दिवशीच्या मुलाखतींना पुन्हा तेच कपडे घालायला लावतात, ते उगाच नाही. जोडलेले तुकडे एकाच वेळचे वाटतात.) मात्र संकलनाचा हक्क तुम्हीच सही करून दिलेला असतो, त्यामुळे भांडून फारसं हाती लागत नाही. प्रसारणाच्या रात्री फोन विश्वासातल्या माणसाकडे द्या. धमकी आली तर आधी तारीख-वेळेसह स्क्रीनशॉट, मग ब्लॉक. उलटं केलं तर पुरावा हातचा जाऊ शकतो. समुपदेशन लेखी मागा. ब्रिटनच्या 'लव्ह आयलंड'ने २०१९ मध्ये परतलेल्या स्पर्धकांना किमान ८ सत्रं आणि १४ महिने संपर्क असं धोरण जाहीर केलं होतं, त्याचा दाखला द्या.

प्रश्न : जाहिरातींच्या ऑफर येतायत. घ्याव्यात?

उत्तर : घ्या, मागणी लवकर ओसरते. पण निर्मात्यांच्या करारात बंदी नाही ना, ते आधी बघा. फोटो किती महिने वापरणार ते लिहून घ्या, 'कायमस्वरूपी' असेल तर खोडा. निम्मे पैसे आगाऊ, कराचा वाटा लगेच बाजूला. जोडीने करायच्या जाहिरातीत ब्रेकअप झाल्यास पैसे परत करायचे की नाही, हे कलम सहीआधीच घालून घ्या.