ईव्ह ऑनलाइनमध्ये आधी माणसं ओळखायला शीक

अंतराळातल्या या ऑनलाइन खेळात जहाज चालवणं तुला महिनाभरात जमेल, माणसं ओळखायला वेळ लागतो. इथे दगाफटका नियमांत बसतो. साथीदाराने लुटलेला माल खेळ चालवणारी कंपनी परत देत नाही. फेब्रुवारी २००९ मध्ये 'बँड ऑफ ब्रदर्स' ही खेळाडूंची बलाढ्य आघाडी लढाईत नाही मोडली. आतलाच एक संचालक गूनस्वॉर्म या शत्रू आघाडीला फितूर झाला आणि हाती असलेल्या अधिकारानेच त्याने ती बरखास्त केली.

आमच्या गटात सहा महिने रोज सोबत खाणकाम करणाऱ्या मित्राने एका रात्रीत हँगर, म्हणजे गटाचं मालाचं कोठार, साफ केलं. सकाळी उघडलं तर खनिजाचा कणही नव्हता. फार जिव्हारी लागलं. तरी सगळ्यांवरच संशय घेऊ नकोस, मग खेळण्यात जीवच उरत नाही. फक्त कोठाराचे अधिकार थोडेथोडे दे. आणि हेर सापडला तरी खेळाबाहेर त्याला शिवीगाळ करायची नाही, हे पक्कं ठेव.